कागदाच्या भिंतीचं माहेर

विमलकाकूंच्या पुढच्या दारात चप्पल काढलेला माणूस कोणी पाहिला असेल, तर त्याला माझ्याकडे घेऊन यावं. मी त्याचा विमा फुकट उतरवून देतो. कारण असा माणूस त्यानंतर जिवंत राहिला, हे मला अजून पटत नाही.

आमच्या गल्लीचा तो कायदाच होता. काकूंकडे जायचं तर फाटकातच चपला हातात घ्यायच्या, घराला वळसा घालून मागच्या अंगणात न्यायच्या, मोरीजवळ ठेवायच्या, आणि पुन्हा पुढच्या दाराशी येऊन मग आत शिरायचं. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन हा वळसा घालायचा. एका निवडणुकीत एक उमेदवार पन्नासेक कार्यकर्ते घेऊन हात जोडत आला. काकूंनी त्याला दारातच थांबवून कायदा सांगितला. मत एक, पण बाईमाणसाचं. ते सगळे चपला हातात घेऊन घराभोवती फिरले. पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना वाटलं, मोर्चा निघाला. त्या गर्दीत उमेदवाराची एक चप्पल हरवली, आणि पुढं निवडणूकही. हा किस्सा मी अमरावती जिल्ह्यात तरी असा चौक सोडला नाही जिथं सांगितला नाही. विम्याचा एजंट माणूस. थोडं फुगवून सांगितल्याशिवाय पोटाला लागत नाही. लोक हसायचे. मी पण हसायचो. काकू आता नाहीत, आणि त्या किश्श्यावर आता मला हसू येत नाही. ते कसं झालं, तेच सांगायला बसलो आहे.

राजापेठेच्या मागं आमची गल्ली. माझी बाल्कनी आणि काकूंचं दार समोरासमोर. काकू बालवाडीच्या बाई होत्या, निवृत्त झालेल्या. काका लवकर गेले. मुलगा महेश पुण्याला, मुलगी नंदा अकोल्याला दिलेली. घरात काकू एकट्या. उंची एवढीशी, की कुकरची शिट्टी झाली तर ती काकूंच्या डोक्यावरून जायची. चष्म्याला लेस बांधलेली, आणि डाव्या हाताची बोटं कायम जांभळी-निळी. दर निवडणुकीत मतदान केंद्रावरची बाई त्यांना परत पाठवायला निघायची, 'आजी, तुमचं तर झालेलं दिसते.' ती शाई मतदानाची नव्हती. प्रिंटरची होती.

झालं असं. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला भुलाबाई येते. पार्वतीच ती, भुलोजीला आणि गणपतीला घेऊन महिनाभर माहेरी राहायला येते, आणि कोजागिरीला परत जाते. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणत फिरतात. शेवटी झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं, मग खिरापत खायची. एका वर्षी पोरींनी मातीची भुलाबाई बुटाच्या खोक्यात बसवून आणली. काकूंनी खोक्यात वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा पडला, की जणू खोक्यात त्यांचीच कोणी बसलेली आहे.

"माहेरी आलेली बाई खोक्यात राह्यते का वं?" त्या पोरींना म्हणाल्या. "तिले खोली नोको?"

दुसऱ्या दिवसापासून घर बांधायला काढलं. पुठ्ठ्याच्या दोन पेट्या, वर माळा, मधे जिना. आता घर म्हटलं तर भिंतीला रंग पाहिजे, खाली फरशी पाहिजे. महेश मागं काही महिने घरून काम करायला आला होता, तेव्हाचा प्रिंटर इथंच टाकून गेला होता. तो काकूंनी झटकला, शेजारच्या पोरीकडून चालवायला शिकून घेतला, आणि आमच्या गल्लीची झोप गेली. तो प्रिंटर सुरू झाला की बडनेऱ्याच्या फलाटावरचे लोक पिशव्या उचलून उभे राहायचे, गाडी आली म्हणून.

पहिल्यांदा काकूंनी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या फुलाच्या फरशीचा फोटो काढला आणि जशीच्या तशी छापली. एक फूल एवढं मोठं निघालं, की बाहुलीच्या दिवाणखान्यात ते एकच मावलं. भुलाबाई पानकोबीवर उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मग काकूंनी मोजपट्टी घेतली. खऱ्या घरातलं एक फूट, तर बाहुलीच्या घरात एक इंच. सगळं त्या मापानं लहान करायचं आणि ओळीनं शेजारीशेजारी मांडून छापायचं. दुसऱ्यांदा माप जमलं, तर गोंद लावल्याबरोबर शाई पसरली. लाल वेलबुट्टीची भिंत वाहायला लागली, आणि एका पोरीनं घरी जाऊन सांगितलं की काकूंच्या भिंतीतून रक्त निघते. तिसऱ्या वेळेपासून कागद छापून एक दिवस वाळवायचा, त्यावर पारदर्शक वार्निशचा हलका फवारा मारायचा, आणि गोंद कागदाला न लावता पुठ्ठ्याला लावायचा. फरशीसाठी फोटोचा चकचकीत कागद. हे एवढं शास्त्र त्या येणाऱ्याजाणाऱ्याला मोजपट्टी हातात घेऊन शिकवायच्या. मी हप्ता मागायला गेलो की मलाही.

काकूंना बाजारातले तयार नक्षीचे नमुने चालत नव्हते. प्रत्येक भिंत, प्रत्येक फरशी कोणाच्या तरी खऱ्या घरातली पाहिजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देशमुखबाई काका गेल्यावरही काकूंना बोलवायच्या; तिथं काकू गेल्या आणि वाण बाजूला ठेवून गुडघ्यावर बसल्या. जुन्या फरशीचा कोपरा फोटोत नीट येईना, म्हणून हळूहळू सरकत सोफ्याखाली गेल्या. बाकीच्या बायकांना वाटलं, कानातलं पडलं. एकीनं पदर खोचला, दुसरी वाकली, आणि पाच मिनिटांत देशमुखांच्या दिवाणखान्यात सगळ्या सवाष्णी पैठण्यांसकट रांगत होत्या. देशमुखबाईंची दोन वर्षांपूर्वी हरवलेली अंगठी सोफ्याखाली सापडली. काकूंचं कानातलं कानातच होतं. फरशीचा फोटो मात्र उत्तम आला.

मग भुलाबाईच्या महिन्यात खिरापतीच्या आधी नवा खेळ सुरू झाला. 'ओळखा फरशी.' काकू घराचं दार उघडायच्या आणि पोरी बोंबलायच्या, ही ठाकरेंची, ही आमच्या आजीच्या खोलीतली, ही त्या डॉक्टरांच्या जिन्यावरची. आमच्या गल्लीचं अख्खं पोट काकूंच्या पुठ्ठ्यात होतं. माझ्या न्हाणीघराचीही फरशी होती. मला न विचारता. फुटलेला कोपरा फुटलेलाच छापला होता.

काकूंनी मग दरवर्षी घरं बांधली. कोणाला वाढदिवसाला, कोणाला भुलाबाईला. परतवाड्यापर्यंत गेली. पण प्रत्येक घरात एक गोष्ट सारखी. जिन्याजवळ एक खोली, तिच्यात पलंग, पलंगावर चादर, आणि माणूस कोणी नाही. पोरींनी एकदा त्या पलंगावर भुलोजीला झोपवलं. काकूंनी त्याला दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवलं.

"तठी नोको. ती खोली द्याची हाये."

"कोनाले?" पोरीनं विचारलं.

"जिची हाये तिले."

एवढं बोलून काकू आत कैचीला धार लावायला गेल्या. तेव्हाही मला काही कळलं नाही. मला फक्त एवढं कळायचं, की काकू आतिथ्याच्या नादी लागल्या आहेत. आणि गंमत अशी, की स्वतःच्या घरात काकू कोणालाच मुक्कामाला ठेवत नव्हत्या. महेश सहकुटुंब आला तरी 'हॉटेलात राहा, इथं गरमते,' म्हणायच्या. बाहुल्यांना पाहुण्यांची खोली, माणसांना नाही. यावरही मी चौकाचौकात बराच मसाला लावला.

नंदा महिन्या-दोन महिन्यांतून यायची. अकोल्याला एका शाळेच्या ग्रंथालयात होती. उंच, शांत, आईच्या एकदम उलट. सकाळच्या बसनं यायची, जेवायची, आईचे केस विंचरून द्यायची, पाणी भरून ठेवायची, आणि पाचच्या बसनं परत. कधीही, लग्नानंतर कधीही, तिनं या घरात रात्र काढली नव्हती. ती आली की काकू दुपारीच गोधडी काढून खुर्चीवर घडी घालून ठेवायच्या. राहा म्हणून तोंडानं म्हणायच्या नाहीत. गोधडी खुर्चीवर, नंदा घड्याळाकडे, आणि साडेचारला ऑटो दारात. मला वाटायचं, पोरगी अकोल्याची झाली, गर्विष्ठ झाली. अमरावती तिला कमी पडते.

मागच्या वर्षी नंदाची मुलगी भुलाबाई बसवायच्या वयाची झाली. काकूंनी ठरवलं, या वेळी कोणाचं घर बांधायचं नाही. आपलं बांधायचं. हेच, गल्लीतलं, जसंच्या तसं. पुठ्ठा बाजूला गेला, सुताराकडून पातळ प्लायवूड कापून आलं. तीन महिने प्रिंटर धडधडत होता. ओट्याचा काळा दगड, मागच्या अंगणातली शहाबादी, काकांच्या आरामखुर्चीमागचा तेलाचा डाग, सगळं. देवघराच्या कोनाड्यातली काजळीही छापली होती.

अडलं ते एका खोलीवर. जिन्याजवळच्या. ती नंदाची खोली. लग्नाआधी तिच्या भिंतीवर रोलरनं वेलबुट्टी मारलेली होती, तेव्हा तशी पद्धत होती. पुढं महेशच्या लग्नात, सूनबाई येणार म्हणून, खोली साखरी रंगात रंगवून टाकली. वेल गेली. फोटो म्हणाल तर एकच, नंदाच्या हळदीचा: हळद माखलेली नंदा हसते आहे, आणि तिच्या डोक्यामागं हातभर भिंत. काकूंनी तो फोटो मोठा केला, नंदाला कापून बाजूला काढलं, भिंतीचा तुकडा घेतला, वेल हातानं पुरी केली आणि छापली. हिरवी. फिक्कट, पोपटी. तरी त्यांचं समाधान होईना. पिवळी शाई कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली. एकाच भिंतीचे कागद अख्ख्या दोरीवर वाळत घातलेले मी बाल्कनीतून पाहायचो.

मी म्हटलं, एवढा घोर कशाला, नंदाले फोन लावा अन् विचारा.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हप्ता बुडवल्यासारखा झालो.

"आईनं इचारावं काय हे?" त्या म्हणाल्या.

शेवटी हिरवी भिंत चिकटली. छान दिसली. खोलीत पलंग, पलंगावर गोधडीच्याच फोटोची छापील गोधडी.

घर अकोल्याला न्यायचं तर एकट्या बाईला उचलेना. मला तिकडे एका गिऱ्हाइकाला भेटायचं होतं. मी सोबत गेलो. बसमधे तिघांच्या बाकावर काकू खिडकीशी, मी कडेला आणि घर मधल्या सीटवर. कंडक्टरनं घराला पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, याचं अर्धं काढू का पुरं. मी म्हटलं, आत कोणी राहात नाही, याचं काय तिकीट. मागचा एक माणूस पुढं वाकून म्हणाला, कोणी राहात नसन तर किरायानं द्या; अकोल्यात यापेक्षा लहान खोलीचे पाच हजार घेते. मूर्तिजापूरला चढलेल्या दोन बायकांनी दरवाजे उघडून स्वयंपाकघर पाहिलं आणि एकीनं दुसरीला सांगितलं की पूर्वेला ओटा आहे, चांगलं आहे. बोरगावपर्यंत अर्धी बस ते घर पाहून गेली होती. आणि काकू त्या सगळ्या वेळात दोन्ही हातांनी माळा धरून, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत बसलेल्या.

जठारपेठेत नंदाचं घर. नात शाळेत होती. नंदानं टेबल रिकामं केलं, मी घर ठेवलं. नंदा खुर्ची ओढून समोर बसली आणि एकेक खोली पाहू लागली. तेलाचा डाग पाहून ती हसली, खरी हसली. मी तिला आईच्या घरी कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. "बाबाचं डोकं," म्हणाली. ओट्यावर बोट फिरवलं. काजळीवर फिरवलं. काकू तिच्या मागं उभ्या राहून तिच्या बोटाकडे पाहत होत्या, बालवाडीतल्या पोरासारख्या. बाई आता पाटीवर बरोबर करतात की चूक.

मग नंदाचं बोट जिन्याजवळच्या खोलीत गेलं आणि थांबलं.

"माही खोली निळी होती, आई."

"फोटोत हिरवी हाये."

"फोटो पिवळा पडला." नंदाचा आवाज अगदी साधा होता, ग्रंथालयात पुस्तक कोणत्या कपाटात ते सांगावं तसा. "निळ्यावर पिवळं चढलं तर हिरवंच दिसन ना."

पोरीनं सतरा-अठरा वर्षं ज्या भिंतीकडे पाहून डोळे उघडले, तिचा रंग आईला आठवत नव्हता. एवढी गल्लीभरची फरशी पाठ असलेली बाई. मी घसा खाकरला. माझ्याजवळ अशा प्रसंगांसाठी दोन-तीन विनोद कायम असतात. एकही सापडला नाही.

नंदा छापलेल्या गोधडीवरून बोट काढत म्हणाली, "त्या दिवशी अंदर येऊ देल्लं असतं, तर मीच रंग सांगतला असता तुले."

मग उठली आणि चहा ठेवायला गेली. चहा झाला, पोहे झाले, पोहे चांगले होते. नंदानं घर कपाटावर ठेवलं, मुलीला आवडेल म्हणाली, आणि आम्हाला ऑटोपर्यंत सोडायला आली.

परतीच्या बसमधे मधली सीट रिकामी होती. मूर्तिजापूर येईपर्यंत काकू त्या रिकाम्या सीटकडे पाहत बसल्या. मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

नंदाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरी काय बिनसलं होतं ते काकूंनी मला सांगितलं नाही. पण पोरगी एक दिवस न कळवता, पिशवी घेऊन अकोल्याहून निघून आली. भुलाबाईचाच महिना होता. आणि त्याच दिवशी महेशला पाहायला मुलीकडचे लोक आले होते. अख्खी जीप भरून. दारात त्यांच्या चपला, सँडली, बूट, ओळीनं. नंदा दाराशी आली, त्या चपला पाहिल्या आणि तिथंच उभी राहिली. स्वतःच्या चपला काढायला तिला जागा दिसली नाही. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. पोरीचे डोळे सुजलेले, हातात पिशवी. आतल्या लोकांनी हिला असं पाहिलं तर महेशचं जुळत आलेलं मोडेल, एवढंच त्या वेळी काकूंच्या डोक्यात आलं.

"मी म्हनलं, आज नोको. घरात पाहुने हायेत. आज परत जाय, मंग पाहू." काकू खिडकीबाहेरच्या कपाशीला सांगत होत्या. "पोरगी बरं म्हने. पानी मांगतलं. मी पानी देल्लं. बाहीरच."

पाणी पिऊन नंदा तशीच वळून स्टँडवर गेली. सासरचं पुढं तिचं तिनं निस्तरलं. नवरा पुष्कळ सुधारला, सासू थकली, नोकरी लागली, सगळं ठीक झालं. महेशचंही जुळलं. खोली साखरी झाली. त्यानंतर नंदा आली ती कधी रागावून आली नाही, कधी काही बोलली नाही, काम करून पाचच्या बसनं जात राहिली. आणि काकूंनी त्या दिवसापासून दारात कोणाची चप्पल ठेवू दिली नाही. पोरगी कधी अवचित आली तर तिला घर भरलेलं दिसू नये.

मी पलीकडच्या खिडकीकडे तोंड केलं. उमेदवार, कार्यकर्ते, हरवलेली चप्पल, मोर्चा. सगळा किस्सा मी मनात पुन्हा मोजून पाहिला. पन्नासेक म्हणतो मी. तेव्हा सात-आठ असतील.

दुसऱ्या दिवशी काकूंनी उलथणं घेतलं आणि जिन्याजवळच्या खोलीची खरी भिंत खरवडायला बसल्या. साखरी रंग निघाला, त्याखाली चुन्याचा थर, त्याखाली निळा. आकाशी नव्हे; धुतलेल्या शाळेच्या गणवेशासारखा निळा, त्यावर रुपेरी वेल. त्यातला नखाएवढा पापुद्रा त्यांनी प्रिंटरच्या काचेवर ठेवला, त्यावरून रंग घेतला आणि छापून काढला. मग तो कागद भिंतीला लावून पाहिला, आणि पुन्हा छापला. प्रिंटर दिवसभर चालला. त्या दिवशी बडनेऱ्याला कोणी गाडीची वाट पाहिली असेल तर मला माहीत नाही.

निळ्या कागदाची ती गुंडाळी मीच अकोल्याला नेऊन दिली. नंदानं दारातच घेतली, उघडून पाहिली, परत गुंडाळली. आई काय करून राहिली, विचारलं. मी म्हटलं, भिंत खरवडून राहिली. अख्खी. म्हणालो, कोजागिरीले येजो. ती म्हणाली, पाहू. कागद चिकटवला की नाही, ते मी पाहायला आत गेलो नाही.

कोजागिरीच्या दुपारी मी काकूंकडे गेलो. फाटक उघडं, दार उघडं. कायद्याचा विसर पडला म्हणा, की मनात भलतंच होतं म्हणा, मी चपला दारातच काढल्या आणि आत डोकावलो. जिन्याजवळची खोली पूर्ण निळी झाली होती, ठिकठिकाणी ओरखडे, कोपऱ्यात खरवडलेल्या रंगाचा ढीग. पलंगावर धुतलेली चादर ताणून घातलेली, उशाशी गोधडी. आणि काकू खाली, फरशीवर, चटईही न घेता आडव्या झाल्या होत्या. पलंगावर पडलं असतं तर चादर चुरगळली असती.

झोपल्या असतील म्हणून मी मागं सरलो.

"कोन हाये?"

"मी, मनोहर."

"चप्पल दारात ठेवली का तू?" डोळे मिटूनच विचारलं. "उचल बापा. तिले वाटन, घरात पाहुने हायेत."

मी चपला उचलल्या. मागच्या अंगणात न नेता हातात घेऊन तसाच अनवाणी घरी आलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा काकूंच्या कायद्याचा शिपाई होऊन बाल्कनीत बसलो. दूधवाला आला, त्याला वरून हाकललं. भुलाबाईच्या पोरी चपला फटफटवत आल्या, त्यांना म्हटलं, आता नाही, रात्री. एक अनोळखी माणूस पत्ता विचारायला दाराशी थांबला, त्यालाही सांगितलं की तठून सरक. चार वाजले. पाच वाजले. पाचची बस गेली असेल, असं मी उगीच मनात धरलं. दर वेळी ती नंदाला घेऊन जायची, आज निदान नंदाशिवाय तरी गेली.

त्यानंतर बऱ्याच वेळानं ऑटो थांबला. नंदा उतरली. खांद्याला पिशवी. फाटकातून आत आली, दाराशी थांबली आणि खाली पाहिलं. दारात काहीच नव्हतं. तिनं एक पाय चपलेतून काढला.

आतून काकू आल्या. हातात पाण्याचा पेला. आमच्याकडे आलेल्या माणसाला पहिलं पाणी देतात. आयुष्यभराची सवय, पाय आपोआप चालले असतील. उंबरठ्यापर्यंत आल्या, पेला पुढं धरायला हात उचलला, आणि थांबल्या. हात तसाच हवेत. मी बाल्कनीचा कठडा धरला. पेल्यातलं पाणी हललेलं मला एवढ्या दुरून दिसलं, असं मी म्हणतो. खोटं वाटत असेल तर तेवढं सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी माझ्या पोरीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलो, आणि दोन महिन्यांनी परत आलो तेव्हा काकू गेलेल्या होत्या, घराला कुलूप होतं. त्यामुळं काकू मला शेवटच्या दिसल्या त्या तिथंच, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला. यापुढं रंगवून सांगायला मला भरपूर जागा आहे. पण मी पाहिलं ते एवढंच, की काकूंनी हात मागं घेतला, भरलेला पेला तसाच घेऊन वळल्या आणि आत निघून गेल्या.

नंदा एक चप्पल पायात घेऊन दारात उभी होती. मग तिनं दुसरीही काढली, आणि पाणी प्यायला आत गेली.